शैक्षणिक नेतृत्व शिकवायचं तर वस्तीत चला : नागपुरातल्या नव्या अध्यापकांसाठी

बी.एड., एम.एड. किंवा डी.एल.एड.ला ‘शैक्षणिक नेतृत्व’ शिकवायची जबाबदारी पहिल्यांदाच तुमच्यावर आली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नेतृत्वाच्या शैली, नेत्याचे गुण, निर्णयाच्या पायऱ्या हे सगळं तुम्ही चार तासिकांत संपवाल. विद्यार्थी पाठही करतील. पुढे त्यांच्यातलाच कुणी मुख्याध्यापक होतो, पालकसभेला सहा जणी येतात, त्यातल्या दोघी सही करून लगेच निघतात, आणि आता काय करायचं ते त्याच्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

ते शिकायची जागा शाळेच्या फाटकाबाहेर आहे. विद्यार्थ्यांच्या हातात एक खरं, छोटं, अपूर्ण काम द्या. पालक, अंगणवाडी ताई, बचत गट, विहाराची समिती, मंडळाची पोरं यांना सोबत घेऊन ते त्यांनी पुढे न्यावं, आणि सत्र संपताना ते वस्तीतल्या कुणाच्या तरी हाती असावं. तुमचे विद्यार्थी निघून गेल्यावर काम चालू राहिलं का, यावरच मी त्यांचं नेतृत्व जोखते. खाली जे सांगते आहे ते सगळं या एका कसोटीवर उभं आहे.

सेवा आणि कृती वेगळ्या ठेवा

वृक्षारोपण, परिसर स्वच्छता, वह्यावाटप, प्रभातफेरी ही चांगली कामं आहेत. ती जरूर करा, पण नेतृत्वाच्या अभ्यासक्रमात त्यांची गणना करू नका. तिथे काय करायचं ते महाविद्यालयात ठरलेलं असतं, ज्यांच्यासाठी करायचं त्यांना कुणी विचारलेलं नसतं, आणि फोटो काढला की काम संपतं. सामाजिक कृतीत प्रश्न वस्तीकडून येतो, उपाय मिळून ठरतो आणि तो फसला तर त्याची झळ खऱ्या माणसांना बसते. ही जोखीम समोर असली की विद्यार्थी नीट ऐकायला लागतो.

हा फरक वर्गात दाखवायला एक चांगलं साधन आहे. शेरी आर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासिकेने 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना नुसतं वापरून घेणं. मधल्या पायऱ्यांवर माहिती देणं, मत विचारणं, तोंडदेखली जागा देणं. वरच्या पायऱ्यांवर भागीदारी, सोपवलेला अधिकार आणि शेवटी लोकांच्या हातातला कारभार. ही शिडी फळ्यावर काढा आणि एखाद्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीची मागच्या वर्षभराची इतिवृत्तं मुख्याध्यापकांच्या परवानगीने वाचायला द्या. प्रत्येक ठराव कुठल्या पायरीवर बसतो ते विद्यार्थ्यांनी ठरवायचं. ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द प्रत्येक पानावर दिसतात. चर्चेत कोण काय बोललं, हे मात्र क्वचितच सापडतं. या एका तासिकेत जे लक्षात येतं ते व्याख्यानाने येत नाही.

त्याच आठवड्यात नागपूरचा स्वतःचा इतिहास काढा. उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी यांनी ओझी वाहण्याची हमाली केली, वाचायला शिकल्या, शिक्षिकेची नोकरी मिळाली आणि जातीमुळे ती सोडावी लागली. पुढे 1922 मध्ये त्यांनी नागपुरात चोखामेळा कन्याशाळा सुरू केली. विद्यार्थ्यांना विचारा : यांच्याकडे कुठलं पद होतं? कुणाची परवानगी होती? सोबत कोण होतं? दुसरं उदाहरण अलीकडचं. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि तिथून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. आधी पाहणं आलं, योजना नंतर आली. आणि वर्ध्याला सहल नेणार असाल तर 1937 च्या ऑक्टोबरात तिथे भरलेल्या शिक्षण परिषदेची आणि नई तालीमची गोष्ट सांगा. हातांनी काम करत शिकण्याचा विचार आपल्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर मांडला गेला, हे आपल्या पोरांना ठाऊक असायला हवं.

सत्र सुरू होण्याआधी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा जूनचे पहिले तीन आठवडे तुमच्या तयारीचे. या काळात तीन गोष्टी उरका.

पहिली, शाळा निवडा. 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात 20 आठवड्यांची इंटर्नशिप आहे. ज्या शाळेत तुमचे विद्यार्थी इंटर्नशिपला जाणार तीच शाळा घ्या. वेगळी शाळा घेतली की दोन्हीकडे नुसती हजेरी लागते, ओळख कुठेच होत नाही. शाळा आणि वस्ती पायी अंतरावर हवी. गटाला महाविद्यालयातून पोहोचायला एकच बस किंवा ऑटो लागावा, नाहीतर पावसात भेटी बंद पडतात.

दुसरी, परवानगी. मनपाच्या शाळेसाठी मनपा शिक्षण विभागाकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षण विभागाकडे प्राचार्यांच्या सहीचं पत्र द्या. पत्रात विद्यार्थी काय करणार हे लिहाच, पण काय करणार नाहीत हेही लिहा : मुलांचे फोटो काढणार नाहीत, पैसे गोळा करणार नाहीत, शाळेची तपासणी करणार नाहीत. या तीन ओळींनी मुख्याध्यापकांची निम्मी धास्ती कमी होते. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.

तिसरी, तुम्ही स्वतः वस्तीत जाऊन या. विद्यार्थ्यांना घेऊन नाही, एकट्याने किंवा एखाद्या सहकाऱ्यासोबत, संध्याकाळी. अंगणवाडी सेविका, आशा ताई, जुन्या किराणा दुकानाचे मालक, विहाराची किंवा मशिदीची कमिटी, गणेश मंडळ, महिला बचत गटाच्या अध्यक्षा यांना नमस्कार करून सांगा की आमची मुलं येणार आहेत आणि ती शिकायला येणार आहेत. शाळेच्या बालरक्षक शिक्षकांनाही भेटा. महाराष्ट्रात शाळाबाह्य मुलं शोधून त्यांना शाळेत टिकवायचं काम हे शिक्षक स्वेच्छेने करतात, आणि कुठल्या घरी काय अडचण आहे हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर शाळेचं प्रगतिपत्रक सगळ्यांना पाहता येतं. शाळेचा 11 अंकी कोड मिळवा आणि इयत्तावार पट काढून ठेवा. पाचवीतून सहावीत किंवा सातवीतून आठवीत जाताना पट कुठे ढासळतो तेवढं पाहिलं तरी पुरे. हा कागद विद्यार्थ्यांना लगेच देऊ नका. आधी त्यांना माणसं भेटू द्या.

पहिले तीन आठवडे फक्त ऐकायचं

इथे नव्या अध्यापकाचा धीर सुटतो. विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी उपाय घेऊन येतात : ‘मॅडम, आपण पालकांसाठी जनजागृती कार्यक्रम घेऊ.’ त्यांना थांबवा. तीन आठवडे कुठलाही कार्यक्रम नाही, पोस्टर नाही, पथनाट्य नाही.

पहिली वस्तीफेरी सकाळी शाळा भरताना आणि दुसरी संध्याकाळी दिवे लागल्यावर. एकच रस्ता दोन वेळा पाहायचा. नळाला पाणी कधी येतं, तेव्हा रांगेत कोण उभं असतं, शाळेच्या रस्त्यात मोठा चौक कुठे ओलांडावा लागतो, नाल्याकाठची घरं कोणती, मुली कुठल्या गल्लीतून जाणं टाळतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. नदीकाठच्या वस्तीत त्याबद्दल विचारलं तर दप्तरं, कागदपत्रं, दाखले यांचं काय झालं ते लोक आपणहून सांगतात, आणि शाळेचा विषय सहज निघतो. फेरीनंतर गटाने मोठ्या कागदावर नकाशा काढायचा आणि पुढच्या भेटीत तो वस्तीतल्या मुलांसमोर पसरायचा. मुलं खोडरबर घेऊन बसतात. विद्यार्थ्यांनी सोडलेल्या जागा ती भरतात.

गृहभेटीला जोडीने पाठवा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने गप्प राहून ऐकायचं, पुढच्या घरी अदलाबदल. छापील प्रश्नावली नको. फॉर्म दिसला की माणसं सरकारी उत्तरं देतात. वही नंतर, चौकात येऊन काढायची. जेवणाच्या किंवा पाणी भरण्याच्या वेळी जायचं नाही. दारात उभं राहून ‘तुमचं मूल शाळेत का येत नाही?’ असं विचारायचं नाही. ‘तुमचा दिवस कसा असतो?’ इथून सुरुवात करा. घरात हिंदी, छत्तीसगढी किंवा उर्दू बोलत असतील तर जमेल तेवढं त्यांच्या भाषेत बोला, आणि नागपुरी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठीने दबवू नका. जात विचारायची नाही, पगार विचारायचा नाही, घरात पुरुष कुठे आहे हे विचारायचं नाही. सांगायचं असेल ते लोक सांगतात.

भेटींना जाण्याआधी शिक्षण हक्क कायद्यातल्या तीन-चार गोष्टी मात्र विद्यार्थ्यांना तोंडपाठ हव्यात, कारण लोक त्या हमखास विचारतात. 2009 चा हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश लांबवताही येत नाही. शाळेत कधी न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि विशेष शिकवणी द्यायची. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबांना यातलं बरंच माहीत नसतं, आणि त्या दारात तुमच्या विद्यार्थ्याने ‘विचारून सांगतो’ म्हटलं तर ते मूल तिथेच राहतं.

प्रश्न कसा सापडतो : एका हजेरीपटाची गोष्ट

आमच्या एका गटाचं उदाहरण जरा सविस्तर सांगते. आठवडी बाजाराजवळची शाळा होती. सहावीतल्या मुलींची गैरहजेरी जास्त आहे, एवढंच शिक्षकांनी सांगितलं होतं. गटाच्या पहिल्या बैठकीत निदान तयार : पालक उदासीन आहेत. मी त्यांना हजेरीपट आणायला लावला आणि महिन्याची बेरीज करू नका, वाराप्रमाणे मांडा म्हटलं. सोमवारचा एक रकाना, मंगळवारचा एक, असे सहा रकाने. लाल फुल्या एकाच रकान्यात दाटल्या होत्या, बाजाराच्या दिवशी. आणि त्या दिवशी गैरहजर मुलगे जवळपास नव्हतेच.

मग गृहभेटी. एक आई सांभार (म्हणजे कोथिंबीर), मिरची, लिंबू विकणारी. तिने सांगितलं, “बाजाराच्या दिवशी मी पाहाटं चार वाजता कळमन्याले जातो. रात्री नऊ वाजतात घरी याले. लहान पोट्टं कोनापाशी ठेवू? तुमीच सांगा मॅडम.” कळमना म्हणजे नागपूरचा घाऊक बाजार, आणि पोट्टं म्हणजे तिचा दीड वर्षांचा मुलगा. अंगणवाडीतले वर्ग तीन वर्षांपुढच्या मुलांचे, त्यामुळे त्याला तिथे दिवसभर ठेवायची सोय नाही. राहता राहिली सहावीतली बहीण.

आता प्रश्न पार बदलला. ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व कसं पटवायचं’ याच्या जागी ‘बाजाराच्या दिवशी लहान भावंडांना कोण सांभाळेल’ हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नावर भाषण देता येतं. दुसऱ्यावर माणसं, जागा आणि वेळ लागते. विद्यार्थ्यांना हा बदल स्वतः घडताना दिसला पाहिजे, म्हणून त्यांच्या आधी तुम्ही उत्तर सांगू नका, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असलं तरी.

पालकांची बैठक त्यांनी रात्री साडेआठला, विहाराच्या आवारात ठेवली. शाळेत सकाळी अकराला ठेवली असती तर यातली एकही बाई आली नसती. ज्या बाया बाजारात बसत नाहीत त्यांनी पाळीपाळीने समाजमंदिरात मुलं सांभाळावीत, असं एका आजींनी सुचवलं. त्यावर मागून आवाज आला, “आन् पोराले काही झालं तं? जिम्मेदारी कोनाची?” सगळे गप्प झाले. गटातली एक विद्यार्थिनी लगेच ‘आम्ही सांभाळू’ म्हणणार होती, मी तिला नजरेने थांबवलं. काही वेळाने बायांनीच ठरवलं : एका वेळी दोघी असतील, आईचा फोन नंबर भिंतीवर, आशा ताईंचा नंबर त्याच्या वर, आजारी मूल त्या दिवशी घ्यायचं नाही. विद्यार्थ्यांकडे आलं ते चावीचं काम, म्हणजे समाजमंदिर वापरायला मिळावं यासाठी मनपाच्या झोन कार्यालयात अर्ज आणि त्याचा पाठपुरावा. सत्र संपेपर्यंत सगळ्या मुली त्या दिवशी शाळेत येऊ लागल्या असं झालं नाही. काही येऊ लागल्या. पाळीची यादी बायांच्या हातची होती आणि विद्यार्थी गेल्यावरही ती भिंतीवर होती.

काम निवडताना

ऐकून झाल्यावर गटाकडे आठ-दहा प्रश्न जमतात. त्यातला एक निवडताना मी तीन गोष्टी पाहते. तो प्रश्न वस्तीतल्या किमान तीन वेगळ्या घरांनी आपणहून बोलून दाखवला आहे का? चार महिन्यांत त्यात डोळ्यांना दिसेल असा थोडातरी फरक पडू शकतो का? आणि तो सोडवायला वस्तीतलं कुणी सोबत येणार आहे का? शेवटच्याचं उत्तर नाही असेल तर प्रश्न कितीही गंभीर असो, तो या सत्रासाठी सोडा. दारूचा गुत्ता बंद करणं, अतिक्रमण हटवणं, दोन गटांतलं जुनं भांडण मिटवणं असल्या कामांत विद्यार्थ्यांना ढकलू नका. त्यांना सुट्टीत घरी जायचं असतं, वस्तीला तिथेच राहायचं असतं.

शाळा व्यवस्थापन समितीसोबत

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात, अध्यक्ष पालकांतून येतो. कलम 22 प्रमाणे शाळा विकास आराखडा या समितीने करायचा असतो. कागदावरची ही ताकद मोठी आहे. प्रत्यक्षात बऱ्याच जागी वही घरी फिरते आणि सह्या होतात.

विद्यार्थ्यांनी समिती बदलायला निघू नये. एका बैठकीत शांत बसून तीन नोंदी कराव्यात : कोण किती वेळा बोललं, कुठला विषय कुणी मांडला, आणि स्त्रिया खुर्चीवर बसल्या की मागे सतरंजीवर. मग मुख्याध्यापकांना एकांतात ही नोंद दाखवायची, दोष न देता. पुढच्या बैठकीसाठी मदत विचारायची : वेळ संध्याकाळची ठेवू का, विषयपत्रिका दोन दिवस आधी घरोघरी सांगू का, इतिवृत्त शेवटी मोठ्याने वाचून दाखवू का. मोठ्याने वाचलेलं इतिवृत्त हा मला सगळ्यात उपयोगी उपाय वाटतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपण काय ठरवलं ते कळतं, आणि जे ठरलंच नव्हतं ते लिहिता येत नाही.

गावातल्या शाळेत, म्हणजे कुही, भिवापूर, पारशिवनीकडे काम असेल, तर ग्रामसभा विसरू नका. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दोन्ही तारखा पावसाळी सत्रात येतात. आराखड्यातला एखादा विषय ग्रामसभेत पालकांनी स्वतः मांडला तर त्याचं वजन वाढतं. विद्यार्थ्याने मांडायचा नाही, कितीही छान बोलता येत असलं तरी.

कागद चालवायला शिकवा

मुख्याध्यापकाचं अर्धं आयुष्य पत्रव्यवहारात जातं आणि तो कुणी शिकवत नाही. म्हणून प्रत्येक गटाने निदान एक अर्ज शेवटपर्यंत न्यावा. अर्ज एका पानाचा, एकाच मागणीचा, खाली पालकांच्या सह्या. नागपूर मनपाचे दहा झोन आहेत. लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर, मंगळवारी यांतला आपली वस्ती कुठल्यात येते हे आधी पक्कं करा, नाहीतर दोन चकरा वाया जातात. अर्ज द्यायला पालकाने जावं, विद्यार्थ्याने सोबत. पोच घ्यायची, तारीख लिहून ठेवायची, पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं. उत्तरच येत नसेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 10 रुपयांचं शुल्क भरून अर्जाचं काय झालं ते विचारता येतं आणि 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. हा मार्ग शेवटी ठेवा. आधी साहेबांना भेटा, सभ्यपणे बोला. अनेक कामं केवळ कुणी दुसऱ्यांदा विचारायला आलं म्हणून होतात.

वर्गात परतल्यावर

दर आठवड्याला एक तासिका नुसत्या बोलण्यासाठी राखा. ती रद्द झाली तर बाकीचं काम हजेरीपुरतं उरतं. कर्ट लेविन यांनी 1940 च्या दशकात कृतिसंशोधनाची कल्पना मांडली : योजना, कृती, निरीक्षण, त्यावर विचार, आणि त्यातून पुढची योजना. हे चक्र फळ्यावर कायमचं ठेवा आणि प्रत्येक गटाला विचारा, तुम्ही आज कुठे आहात. मग तीन प्रश्न. या आठवड्यात काय पाहिलं? तेव्हा काय गृहीत धरलं होतं? पुढच्या आठवड्यात काय वेगळं कराल?

या तासिकेत जातीचा, धर्माचा, वर्गाचा विषय येणार. कुणीतरी म्हणेल, ‘ते लोक असेच असतात.’ विषय टाळू नका आणि त्या विद्यार्थ्याला सगळ्यांसमोर गप्पही करू नका. त्याने नेमकं काय पाहिलं ते सांगायला लावा, डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने जोडलेलं वेगळं करायला लावा. दुसरीकडे, त्याच वस्तीतून आलेले विद्यार्थी तुमच्या वर्गात असतील. त्यांना ‘तुमच्याकडे कसं असतं?’ असं विचारून नमुना बनवू नका. गट पाडतानाच त्यांना विचारा की स्वतःच्या वस्तीत काम करायला आवडेल की दुसऱ्या. काहींना आपल्या वस्तीत नव्या भूमिकेत जायला अभिमान वाटतो, काहींना नको असतं. दोन्ही मान्य करा.

वेळापत्रक सणांना धरून आखा. पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती, मग दसऱ्याला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर, पुढे दिवाळी. या दिवसांत बैठका ठेवू नका. निमंत्रण आलं तर मात्र जा, कारण पंगतीत झालेली ओळख पुढच्या बैठकीत कामी येते. उन्हाळी सत्र असेल तर मार्चपासून शाळा सकाळच्या होतात, तेव्हा दुपारच्या भेटी विसरा.

गुण कशावर द्यायचे

अंतर्गत गुण 100 धरले तर माझी वाटणी अशी. 40 गुण रोजच्या नोंदवहीला, त्यातही आपलं गृहीतक कुठे चुकलं हे लिहिलेल्या पानांना जास्त. 20 गटातल्या वागण्याला, म्हणजे कोणी दुसऱ्याला बोलू दिलं, कोणी कंटाळवाणं काम उचललं. 20 शेवटच्या मांडणीला, आणि ही मांडणी महाविद्यालयाच्या सभागृहात नाही, वस्तीत, तिथल्या भाषेत, प्रोजेक्टरशिवाय. उरलेले 20 वस्तीतल्या लोकांच्या मताला. समितीच्या दोन पालक सदस्यांना आणि अंगणवाडी ताईंना तोंडी विचारा : ही मुलं वेळेवर यायची का, दिलेला शब्द पाळला का, तुम्हाला विचारून ठरवायची का? उत्तरं तुम्ही लिहून घ्या. काम यशस्वी झालं की नाही याला गुण ठेवू नका. तसे ठेवले की विद्यार्थी सोपे प्रश्न निवडतात आणि आकडे फुगवतात.

निरोप आणि सोपवणं

शेवटचे तीन आठवडे नवं काही सुरू करायचं नाही. नोंदी, अर्जांच्या पोच, फोन नंबर, पुढच्या तारखा हे सगळं एका साध्या फाइलमध्ये लावा आणि तिच्या दोन प्रती करा. एक शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, एक तुमच्या कपाटात. वस्तीतल्या कुणाकडे काय राहिलं ते नावासह पहिल्या पानावर असावं, पण त्या त्या माणसाला विचारूनच. मग वस्तीत जाऊन उघड सांगायचं : आम्ही आता दर आठवड्याला येणार नाही, अमुक काम झालं, तमुक राहिलं, राहिलेल्याचं पत्र या तारखेला दिलं आहे. ‘पुन्हा येऊ’ असं वचन विद्यार्थ्यांनी देऊ नये. ते तुम्ही द्यायचं, कारण पुढची तुकडी तुम्हीच आणणार आहात. जूनमध्ये नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी ती फाइल वाचायला द्या, आणि त्याआधी एका संध्याकाळी स्वतः जाऊन भिंतीवरची यादी अजून चालू आहे का ते पाहून या.